वाचकांचे प्रश्न : पडद्यावरच्या गर्दीत काम कसे मिळते?

चित्रपट आणि मालिकांमध्ये नायक-नायिकांच्या मागे चालणारी, बसणारी, टाळ्या वाजवणारी माणसे कोठून येतात आणि त्यांच्यात आपला समावेश कसा होऊ शकेल, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे आली आहेत. कोणी ‘एक्स्ट्रा’ म्हटले आहे, कोणी ‘ज्युनियर आर्टिस्ट’. येथे सर्वत्र ‘पार्श्वकलाकार’ हाच शब्द ठेवला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पंचवीस वर्षांची पदवीधर आहे. अभिनयाचे प्रशिक्षण घेतलेले नाही आणि या क्षेत्रात ओळखीचे कोणीही नाही. काही निर्मितीसंस्थांच्या कार्यालयांत फोटो आणि माहिती देऊन आले, परंतु कोठूनही उत्तर आले नाही. सुरुवात नेमकी कोठून करावी?

उत्तर : तुम्ही जेथे गेलात तेथे हे काम ठरतच नाही, त्यामुळे उत्तर न येण्यात तुमचा काही दोष नाही. चित्रीकरणाची तयारी सुरू झाली की दिग्दर्शन विभागातील सहायक पटकथेतले एकेक दृश्य घेऊन त्यात मागे किती माणसे लागतील, कोणत्या वयाची आणि कोणत्या पेहरावातली, याचा तक्ता तयार करतात. रुग्णालयाच्या व्हरांड्याचे दृश्य असेल तर त्यात बारा माणसे, त्यांपैकी दोन वृद्ध, तीन परिचारिका, एक गरोदर स्त्री आणि हाताला प्लास्टर असलेला एक तरुण, इतक्या तपशिलाने मागणी लिहिलेली असते. ती कास्टिंग एजन्सीकडे किंवा कोऑर्डिनेटरकडे जाते आणि तो आपल्याजवळच्या यादीतून माणसे निवडतो. निर्मात्याला तुमचे नाव शेवटपर्यंत कळतही नाही. म्हणून अशा दोन-तीन खात्रीच्या याद्यांमध्ये अचूक माहितीसह आपली नोंद करणे, एवढेच तुमचे पहिले काम आहे. खात्रीची यादी शोधण्याचा सोपा मार्ग असा की चित्रपट वा मालिका संपल्यावर येणारी श्रेयनामावली थांबवून वाचावी. पार्श्वकलाकार पुरवणाऱ्या संस्थेचे नाव तेथे पुष्कळदा असते. कलाकारांच्या संघटनेकडे चौकशी केली तर कोणती संस्था वेळेवर पैसे देते आणि कोणती टाळाटाळ करते, हेही कळते.

फोटोंविषयी गैरसमज फार आहेत. तुमच्या पत्रासोबत आलेले फोटो सुंदर आहेत, पण या कामासाठी ते निरुपयोगी आहेत, हे स्पष्टपणे सांगायला हवे. गडद मेकअप, तिरपी मान, धूसर पार्श्वभूमी आणि रंग सुधारलेला चेहरा पाहून प्रत्यक्षात कोण माणूस उभा राहणार आहे याचा अंदाज कोऑर्डिनेटरला येत नाही. साध्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात, मोबाइलवर काढलेले दोन फोटो पुरतात. एक चेहऱ्याचा आणि एक डोक्यापासून पायापर्यंतचा. केस कापले, दाढी वाढवली किंवा वजन बदलले की फोटोही बदलावेत. मापे खरी लिहावीत, कारण वेशभूषा विभाग त्या आकड्यांवरून कपडे आणून ठेवतो आणि कंबर दोन इंच कमी लिहिणाऱ्याला गणवेश बसला नाही की त्याच्या जागी दुसरा उभा केला जातो. पोहणे, घोडेस्वारी, वाद्यवादन, शुश्रूषेचे शिक्षण, एखादा खेळ स्पर्धेच्या पातळीवर खेळलेला असणे, अशा गोष्टी आवर्जून नोंदवाव्यात. शस्त्रक्रियेच्या दृश्यात हातमोजे योग्य रीतीने घालता येणारी परिचारिका कोऑर्डिनेटरला हवीच असते. मात्र न येणारी गोष्ट येते म्हणून लिहू नये. पोहता येते असे लिहून पाण्याच्या दृश्यात उभे राहणे हा जिवाशी खेळ आहे.

प्रश्न : एका संस्थेने माझी निवड झाल्याचे कळवले, परंतु नोंदणी, ओळखपत्र आणि फोटोंचा अल्बम यांसाठी आगाऊ रक्कम भरण्यास सांगितले. रक्कम नंतर मानधनातून परत मिळेल, असे ते म्हणतात. ती भरावी का?

उत्तर : भरू नये. या व्यवहारात पैसा एकाच दिशेने वाहायला हवा, निर्मितीकडून कलाकाराकडे. मध्यस्थाचा वाटा असेल तर तो तुम्ही काम केल्यानंतर मिळालेल्या मानधनातून, आधी ठरलेल्या टक्केवारीने घेतला जातो. जो मध्यस्थ कामापूर्वीच पैसे घेतो त्याला तुम्हाला काम मिळो वा न मिळो, काहीच फरक पडत नाही. त्याचा धंदा नोंदणीवर चालतो, चित्रीकरणावर नाही.

ही फसवणूक चित्रपटांइतकीच जुनी आहे. १९२० च्या दशकात हॉलिवूडमध्ये कामाच्या आशेने आलेली माणसे रोज या स्टुडिओच्या फाटकावरून त्या स्टुडिओच्या फाटकावर भटकत असत आणि खासगी दलाल त्यांच्या तुटपुंज्या मजुरीतूनही आपला हिस्सा काढून घेत. तक्रारी इतक्या वाढल्या की स्टुडिओंनी एकत्र येऊन १९२५ मध्ये सेंट्रल कास्टिंग ही मध्यवर्ती संस्था स्थापन केली आणि तिचा खर्च कलाकारांवर न टाकता स्वतः उचलला. ती संस्था आजही चालू आहे.

तुमच्या पत्रातला ‘निवड झाली’ हा शब्दही संशयास्पद आहे. पार्श्वकलाकाराची निवड एखाद्या ठरावीक तारखेच्या ठरावीक दृश्यासाठी होते; निर्मितीचे नाव, तारीख, ठिकाण, कामाचे तास आणि मानधन यांपैकी काहीही न सांगता नुसतीच झालेली निवड म्हणजे विक्रीची जाहिरात असते. हल्ली परिचित निर्मितीसंस्थेचे नाव आणि बोधचिन्ह लावून संदेश पाठवण्याची पद्धतही वाढली आहे. अशा वेळी संदेशातल्या क्रमांकावर फोन न करता त्या संस्थेचा अधिकृत क्रमांक स्वतः शोधून तेथे विचारावे. बँकेचे तपशील पहिल्या कामाच्या वेळी द्यावे लागतात, ओटीपी मात्र कधीही द्यावा लागत नाही. ‘लूक टेस्ट’च्या नावाखाली कोणी खासगी खोलीत एकटे बोलावत असेल किंवा अंगावरचे कपडे कमी करून फोटो पाठवण्यास सांगत असेल, तर चर्चा तेथेच थांबवावी, त्याचे संदेश जपून ठेवावेत आणि तक्रार करावी. पार्श्वकलाकाराच्या निवडीसाठी यांपैकी कशाचीच गरज नसते.

प्रश्न : पहिल्यांदाच कामाचा निरोप आला आहे. ‘दोन जोड साधे कपडे, पांढरा रंग नको’ एवढीच सूचना आहे. सेटवर नेमके काय करावे लागते आणि माझ्याकडून काय चुकू शकते?

उत्तर : कपड्यांच्या सूचनेमागे कारण आहे. पांढरा रंग प्रकाश परत फेकतो आणि मागचा माणूस पुढच्यापेक्षा उठून दिसतो. बारीक रेघांच्या कापडावर कॅमेऱ्यात लाटा उठल्यासारखे दिसते, तर कंपनीचे नाव वा चित्र छापलेला कपडा हक्कांच्या प्रश्नामुळे नाकारला जातो. दोनऐवजी तीन जोड न्यावेत, इस्त्री केलेले आणि आवाज न करणाऱ्या पादत्राणांसह.

पोहोचल्यावर प्रथम हजेरी लावावी आणि आपल्या नावापुढे आल्याची वेळ लिहिली गेली आहे की नाही ते पाहावे, कारण जादा तासांचे पैसे याच नोंदीवरून ठरतात. त्यानंतर वेशभूषा, मेकअप आणि मग प्रतीक्षा. ही प्रतीक्षा तासन्‌तास चालते आणि नवख्या माणसाला ती अपमानास्पद वाटते. परंतु प्रकाशयोजना बदलत असताना तुम्हाला जवळच बसवून ठेवण्याचेच तुम्हाला पैसे मिळत असतात. पुस्तक न्यावे. नेमून दिलेली जागा सोडताना गर्दी सांभाळणाऱ्या सहायकाला सांगून जावे. बोलावणे आले आणि तुम्ही सापडला नाहीत, ही या व्यवसायातली सर्वांत महाग चूक आहे.

प्रत्यक्ष काम एका उदाहरणाने सांगतो. उपाहारगृहात नायक-नायिका एका टेबलाशी बोलत आहेत आणि तुम्ही मागच्या टेबलावर एका अनोळखी व्यक्तीसोबत बसला आहात. सहायक सांगतो की तुम्ही दोघांनी गप्पा मारायच्या, नायिका पाण्याचा पेला खाली ठेवेल तेव्हा तुम्ही उठायचे, पिशवी उचलायची आणि तिच्या मागून दाराकडे जायचे. सेटवर याला ‘पासिंग’ म्हणतात. कॅमेरा सुरू होतो आणि ‘ॲक्शन’च्या आधी बहुधा पार्श्वकलाकारांना वेगळी हाक दिली जाते, म्हणजे नायक पहिले वाक्य बोलेल तेव्हा मागचे उपाहारगृह आधीपासूनच चालू असल्यासारखे दिसते. तुमच्या गप्पा पूर्णपणे मूक हव्यात. कुजबुजही चालत नाही, कारण त्या वेळी फक्त मुख्य कलाकारांचे संवाद ध्वनिमुद्रित होत असतात आणि उपाहारगृहाचा गलका नंतर वेगळा मिसळला जातो. चमचा बशीला लागता कामा नये, खुर्ची सरकताना वाजता कामा नये. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून काही वेळा बुटांच्या तळांना कापडही चिकटवतात. नृत्याच्या प्रसंगी तर संगीत सुरुवातीला थोडा वेळ वाजवून बंद करतात आणि संवाद चालू असताना सगळ्या गर्दीला शांततेत त्याच तालावर नाचत राहावे लागते. हे दृश्य बाहेरून पाहणाऱ्याला मोठे विनोदी वाटते.

त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. तोच प्रसंग आधी दुरून, मग नायकाच्या बाजूने, मग नायिकेच्या बाजूने आणि शेवटी अगदी जवळून, असा कित्येकदा चित्रित होतो आणि प्रत्येक वेळी तुम्हाला त्याच क्षणी, त्याच हाताने पिशवी उचलून, त्याच वेगाने जायचे असते. संकलक एका टेकमधला नायक आणि दुसऱ्या टेकमधली नायिका एकत्र जोडतो. पहिल्यात पिशवी डाव्या खांद्यावर आणि दुसऱ्यात उजव्या खांद्यावर असेल तर चांगला अभिनय झालेला टेकही वाया जातो. म्हणून पहिल्या टेकनंतर लगेच आपण काय केले ते मनात पक्के करावे आणि पुढच्या खेपेला त्यात ‘सुधारणा’ करू नये. कॅमेऱ्याकडे पाहू नये, मुख्य कलाकारांशी आपण होऊन बोलू नये आणि मोबाइल बंद करून ठेवावा; सेटवरचा एक फोटो बाहेर गेल्यामुळे कायमचे काम गमावलेली माणसे आहेत. मला विचाराल तर चांगला पार्श्वकलाकार म्हणजे ज्याला तीच गोष्ट विसाव्या वेळीही कंटाळा न दाखवता करता येते तो. चेहरा, उंची, रंग यांचा क्रम त्यानंतरचा आहे.

निघताना सुटण्याची वेळ नोंदवून सही करावी आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवावा. मानधन पुष्कळदा काही आठवड्यांनी हाती येते आणि तेव्हा आठवणीपेक्षा कागद उपयोगी पडतो.

प्रश्न : मी पूर्णवेळ नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी हे काम करणे शक्य आहे का?

उत्तर : क्वचित. निरोप बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळी येतो, हजर राहण्याची वेळ रात्री उशिरा बदलू शकते आणि पॅकअप किती वाजता होईल हे कोणीच सांगू शकत नाही. रजा हातात असेल तरच होकार द्यावा. नकार दिल्याने कोऑर्डिनेटर नाराज होत नाहीत, पण होकार देऊन न येणाऱ्याला ते पुन्हा फोन करत नाहीत. एकाच दिवसासाठी दोन ठिकाणी होकार देऊन ठेवण्याची चलाखीही करू नये. कोऑर्डिनेटर एकमेकांना ओळखतात.

प्रश्न : मी सदुसष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. या वयात मला कोण घेणार?

उत्तर : तुमच्या वयाची माणसे नोंदणीत कमी असतात आणि न्यायालय, रुग्णालय, समारंभ, प्रार्थनास्थळ अशा जवळजवळ प्रत्येक दृश्यात ती लागतात. पांढरे केस रंगवू नयेत. किती वेळ उभे राहणे जमते आणि कोणती औषधे वेळेवर घ्यावी लागतात हे नोंदणीच्या वेळीच सांगावे, म्हणजे तुम्हाला बसून करायच्या जागा मिळतील.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीला मालिकेतील शाळेच्या दृश्यासाठी बोलावले आहे. ती खूश आहे, मला मात्र धास्ती वाटते.

उत्तर : धास्ती रास्त आहे. मुलांनी किती तास काम करावे, त्यासाठी कोणाची परवानगी लागते आणि सोबत कोण असावे, याचे कायदे अनेक देशांत आहेत. परवानगीचा कागद पाहायला मागण्यात संकोच करू नये. पालकाने मुलीच्या नजरेच्या टप्प्यात थांबावे आणि कोणी ‘पालकांनी बाहेर बसावे’ असा आग्रह धरला तर मुलीला घेऊन परत यावे. शाळा किती बुडेल, जेवण-झोपेच्या वेळा पाळल्या जातील का, कपडे कोठे बदलायचे, हे आधी विचारावे. आणि दुपारनंतर ती कंटाळली, रडवेली झाली, तर तिला थांबवण्याचा अधिकार तुमचा आहे, युनिटचा नाही. मुलांच्या दृश्यात एक मूल कमी झाल्याने चित्रीकरण अडत नाही.

प्रश्न : अलीकडे एका सेटवर आम्हा सर्वांना बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मध्ये उभे करून सर्व बाजूंनी आमचे स्कॅन घेतले आणि एका कागदावर सही मागितली. संगणकच गर्दी तयार करू लागला तर आमचे काम राहणार का?

उत्तर : यांत दोन प्रश्न आहेत. पहिला कामाचा. प्रचंड गर्दी प्रत्यक्ष जमवण्याचा काळ मागे पडला आहे, हे मान्य करावे लागेल. ‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटातील अंत्ययात्रेसाठी सुमारे तीन लाख माणसे जमली होती आणि त्यांतील बहुसंख्य स्वयंसेवक होती. तसे आता कोणी करणार नाही. शंभर माणसांना मैदानाच्या एका कोपऱ्यात बसवायचे, चित्रित करायचे, मग टोप्या आणि जागा बदलून शेजारच्या कोपऱ्यात बसवायचे आणि हे तुकडे जोडून भरलेले प्रेक्षागृह दाखवायचे, ही रीत आता रुळली आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्स’च्या युद्धदृश्यांसाठी तर ‘मॅसिव्ह’ नावाची स्वतंत्र संगणकप्रणाली तयार करण्यात आली, जिच्यात प्रत्येक आकृती स्वतःच हालचाल ठरवते. परंतु ही सारी दूरची गर्दी झाली. नायिकेच्या खांद्यामागे दहा पावलांवर बसलेला माणूस, तिच्या हातात फाइल देणारा शिपाई, तिला धक्का देऊन पुढे जाणारा प्रवासी, यांच्यासाठी खरा माणूस बोलावणे अजून तरी सोपे आणि स्वस्त पडते. हे किती वर्षे टिकेल याविषयी मी पैज लावणार नाही.

दुसरा प्रश्न सहीचा आहे आणि तो अधिक तातडीचा आहे. अमेरिकेतील पडद्यावरच्या कलाकारांची संघटना सॅग-आफ्ट्रा २०२३ मध्ये जुलै ते नोव्हेंबर ११८ दिवस संपावर होती. त्या संपातील कळीच्या मुद्द्यांत पार्श्वकलाकारांचे स्कॅन एकदा घेऊन कायम वापरले जाण्याची भीती हाही एक होता. संपानंतरच्या करारात अशा प्रतिकृतीसाठी कलाकाराची संमती आवश्यक ठरवण्यात आली आणि ठरलेल्या संख्येइतके पार्श्वकलाकार घेण्याच्या बंधनातून पळवाट म्हणून ती वापरता येणार नाही, असे नमूद करण्यात आले. हा करार त्या संघटनेच्या कक्षेतील कामांपुरताच आहे, परंतु कोणते प्रश्न विचारावेत हे त्यावरून कोणालाही शिकता येते. स्कॅन याच निर्मितीत वापरणार की इतरत्रही? किती काळ? पुन्हा वापरल्यास वेगळे मानधन मिळेल का? माझ्या चेहऱ्याला मी न केलेली कृती किंवा न बोललेले शब्द जोडता येतील का? ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द कागदावर असतील तर जागेवरच सही न करता प्रत मागावी. तुम्ही आधीच सही केलेली असल्यास तरी प्रत मागून ठेवाच. तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : गर्दीत काम करता करता अभिनेता होता येते का? माझे मित्र म्हणतात की एकदा गर्दीत दिसलो की कायमचा शिक्का बसतो.

उत्तर : मित्र अतिशयोक्ती करत आहेत, पण तुम्हीही अपेक्षा आवरती ठेवायला हवी. गॅरी कूपर १९२५ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये काउबॉयपटांत घोडेस्वार म्हणून गर्दीत काम करत होते आणि पुढे ते सर्वांत मोठ्या नायकांपैकी एक झाले. परंतु त्यांना लहानपणापासून रँचवर घोड्यांची सवय होती आणि त्या कौशल्यामुळेच ते इतरांपेक्षा वेगळे दिसले. अशी उदाहरणे थोडी आहेत आणि ती सांगितली जातात ती विरळ आहेत म्हणूनच. भूमिकांची निवड वेगळी माणसे, वेगळ्या ऑडिशनमधून करतात. गर्दीतून दिग्दर्शकाचे लक्ष वेधून घेण्याचा प्रयत्न करणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवले जाते. मात्र कॅमेरा कोठे आहे, प्रकाश कसा पडतो, मुख्य कलाकार एकच वाक्य दहा वेळा कसे म्हणतो, हे इतक्या जवळून आणि वर पैसे मिळवून पाहण्याची संधी प्रशिक्षणवर्गात मिळत नाही. उंची आणि वर्ण एखाद्या मुख्य कलाकाराशी जुळत असतील तर स्टँड-इनच्या कामाविषयीही विचारावे. प्रकाशयोजना होत असताना त्या कलाकाराच्या जागी उभे राहण्याचे हे काम शिकण्याच्या दृष्टीने गर्दीतल्या कामापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. अभिनय करायचा असेल तर नाटक, ऑडिशन आणि अभ्यास वेगळे चालू ठेवावेत.

प्रश्न : मालिकेत मी काम केले ते दृश्य प्रक्षेपणात कापलेले दिसले. मानधन परत मागितले जाईल का?

उत्तर : नाही. तुमचे मानधन त्या दिवसाच्या कामाचे आहे. दृश्य पडद्यावर राहो वा न राहो, ते तुमचेच. अद्याप मिळाले नसेल तर हजेरीच्या नोंदीसह कोऑर्डिनेटरकडे लेखी मागणी करावी. नातेवाइकांना मात्र पुढच्या वेळी भाग प्रक्षेपित झाल्यावरच कळवावे.